प्रयोगशाळेबाहेरचा मेंदू



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला बोलावणे पाठविले तेव्हा विषयही त्यांनीच सुचविला होता. 'मेंदू : निसर्गाचा चमत्कार' असा तो होता. मी त्यांना उलट कळविले की, चमत्कारांवर बोलणारे वक्ते आपणांस पुष्कळ मिळतील. मी जन्मभर महाविद्यालयात मानसशास्त्र शिकविलेला माणूस. मेंदूवर शस्त्र चालविणारा डॉक्टर नव्हे. मला बोलावयाचेच असेल तर मेंदूचा अभ्यास कोठे बसून करावा, एवढ्या एका प्रश्नावर बोलेन. प्रश्न ऐकावयास साधा आहे. पण कोणाला शहाणे म्हणावे, कोणाला खुळे म्हणावे, कोणाचे दुखणे सरकारदरबारी मोजले जावे आणि कोणाचे न मोजताच राहून जावे, इतक्या गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. चिटणीसांनी उदार मनाने ते मान्य केले. तेव्हा आता तासभर आपणांस माझे ऐकून घेणे भाग आहे.

आरंभ घरच्याच एका गोष्टीने करतो. माझी आई भिवापूरकडची. शाळेची पायरी चढली, पण दुसरीच्या पुढे गेली नाही. वयाच्या शहात्तराव्या वर्षी तिला विसरायला होते असे आम्हाला वाटू लागले, म्हणून मी तिला नागपुरातील एका रुग्णालयात घेऊन गेलो. तेथील तरुण डॉक्टर सौजन्यशील होता. त्याने "आजी, बसा" म्हटले, आणि एक छापील कागद पुढे ओढून प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. "आजी, आज तारीख काय?" आई म्हणाली, "काल अमावास्या झाली, परवा अक्षय तृतीया." डॉक्टर थोडा वेळ थांबला. त्याला हवा होता तो आकडा काही आला नाही, म्हणून त्याने कागदावर शून्य मांडले. "आपण कितव्या मजल्यावर आहोत?" आईने सांगितले, "वरच्या." पुन्हा शून्य. "बरे, शंभरातून सात वजा करा." आईने विचारले, "शंभर काय? रुपये का पायल्या?" तो म्हणाला, "नुसते शंभर." आता नुसत्या शंभरातून सात कसे काढायचे, हे त्या बाईला खरोखरच उमजेना. ती गप्प बसली. तीसपैकी एकोणीस गुण पडले, आणि खाली स्मृतिभ्रंशाचा संशय असल्याची टीप आली.

बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "काऊन रे बाबू, त्याले तिथ बी मालूम नाही का?" आणि फाटकाजवळच्या हातगाडीवर पावणेदोन किलो खरबुजांचा हिशेब तिने गाडीवाल्याच्या आधी करून टाकला. मला त्या कागदाचा संताप आला. तो मी घडी करून खिशात घातला, आणि पुढे काही महिने कोणाला दाखविला नाही. या गोष्टीचा उत्तरार्ध शेवटी सांगेन, कारण त्यात माझीही चूक आहे.

मी प्रयोगशाळेला नावे ठेवावयास उभा राहिलो आहे, असे मात्र कृपा करून समजू नका. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली जिवंत माणसाच्या मेंदूतील विजेच्या लहरी प्रथम टिपल्या, आणि पाच वर्षांनी, १९२९ साली, आपला निबंध प्रसिद्ध केला. फेपऱ्याचा झटका म्हणजे अंगात येणे नव्हे, मेंदूतील विजेचा उद्रेक आहे, हे त्या लहरींनी लोकांच्या डोळ्यांपुढे मांडले. पुढे १९९० नंतर चुंबकीय यंत्रांनी मेंदूचा कोणता भाग कोणत्या कामाच्या वेळी अधिक रक्त ओढून घेतो, हेही दिसू लागले. हे सर्व प्रयोगशाळेचे ऋण आहे. परंतु त्या यंत्रात माणसाला कसे घालतात ते पाहा. एका नळकांड्यात उताणे निजवावयाचे, डोके उशांच्या मध्ये पक्के बसवावयाचे, कानांवर यंत्राची ठणठण, आणि हलावयाची बंदी. आपल्या आयुष्यातला कोणता प्रसंग असा असतो? आपला मेंदू रस्ता ओलांडतो, भाव करतो, पोराला रागावता रागावता दुधावर लक्ष ठेवतो. निजवून ठेवलेल्या माणसाचा मेंदू हाही मेंदूच. पण गाय दावणीला बांधलेली पाहून ती रानात कशी चरते हे सांगता येत नाही.

त्यातही मौज अशी की, दावणीला बांधलेल्या गाई एकाच गोठ्यातल्या असतात. २०१० साली कॅनडातील जोसेफ हेनरिक व त्यांचे दोन सहकारी यांनी एक निबंध प्रसिद्ध करून सर्वांचे लक्ष एका आकड्याकडे वेधले. मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांतील प्रयोगांत ज्या माणसांची पाहणी झाली त्यांपैकी ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली होती, आणि त्या देशांत राहतात जगातली १२ टक्के माणसे. त्यांतही बहुतेक महाविद्यालयातली मुले, कारण ती प्राध्यापकाला आयती सापडतात. मीही माझ्या विद्यार्थ्यांवर अशाच चाचण्या करीत आलो, आणि निष्कर्ष लिहिताना 'मनुष्य असे करतो' असे बिनदिक्कत लिहीत आलो.

याविरुद्ध एकाने फार पूर्वी बंड केले होते. अमेरिकेतील रॉजर बार्कर यांनी १९४७ साली कॅन्सस संस्थानातील ऑस्कलूसा नावाच्या, उमरेडपेक्षाही पुष्कळ लहान अशा गावात आपले ठाणे दिले. प्रयोगशाळा म्हणजे ते गावच. १९४९च्या एप्रिल महिन्यात सात वर्षांच्या एका मुलामागे निरीक्षकांनी पाळीपाळीने फिरून, तो सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंतचा त्याचा एक दिवस मिनिटामिनिटाने लिहून काढला. त्याचे १९५१ साली पुस्तक झाले. बार्करना आढळले ते असे की, मूल कसे वागेल हे ते मूल कोणते यापेक्षा ते कोठे आहे यावरून अधिक सांगता येते. देवळात गेलेली सगळी मुले देवळातल्यासारखी वागतात, दुकानात गेलेली दुकानातल्यासारखी. आपल्या आयाबहिणींना यात काही नवल वाटणार नाही. तरीही ते शास्त्राला कोणीतरी लेखी द्यावे लागले.

आपल्याकडेही ही जाणीव अगदीच नव्हती असे नाही. फ्रान्समध्ये बिने यांनी १९०५ साली मुलांची बुद्धी मोजण्याची कसोटी तयार केली. ती इंग्रजीतून उचलून आपल्या मुलांपुढे ठेवणे सोपे होते. पण धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तसे केले नाही. कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांवर ती कसोटी पुन्हा पारखून, आपल्या मुलांना साजेल असे तिचे रूप त्यांनी सिद्ध केले, आणि १९४० साली ते ग्रंथरूपाने आणले. बिने-कामत कसोटी या नावाने ती अनेक वर्षे आपल्याकडे चालत आली. हे काम मुलांचे होते. म्हाताऱ्यांसाठी तसेच काम व्हावयास आणखी अर्धे शतक लागले. दिल्लीजवळ हरियाणात बल्लभगढ म्हणून गाव आहे. तेथील खेड्यांत वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंश किती, हे पाहण्यासाठी भारतीय व अमेरिकन डॉक्टरांनी मिळून एक योजना आखली. डॉ. मेरी गांगुली व डॉ. विजय चंद्रा ही त्यांतली प्रमुख नावे. माझ्या आईपुढे जो कागद होता, तसाच अमेरिकन कागद त्यांच्याही हाती होता. फरक एवढाच की, निरक्षर शेतकऱ्यापुढे तो कागद कसा दिसतो याचा त्यांनी विचार केला.

त्यांनी केलेले बदल फार मनोरंजक आहेत. मूळ कसोटीत 'डोळे मिटा' असे लिहिलेला कागद दाखवीत आणि वाचून तसे करावयास सांगत. वाचता न येणाऱ्याने काय करावे? म्हणून परीक्षक म्हणू लागला, "माझ्या तोंडाकडे पाहा आणि मी करतो तसे करा," आणि आपण डोळे मिटू लागला. मूळ कसोटीत एक इंग्रजी शब्द उलटा वाचावयाचा असे. त्याऐवजी वारांची नावे उलट क्रमाने म्हणावयास सांगितली. एक वाक्य लिहा, याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य बोला. इंग्रजीतले एक जिभेला अडखळविणारे वाक्य म्हणून दाखवावयाचे असे. त्याच्या जागी 'न हे, न ते' अशा अर्थाचे घरगुती हिंदी बोल आले. सकाळ आहे की दुपार की संध्याकाळ, हेही विचारू लागले. १९९५ साली ही हिंदी कसोटी प्रसिद्ध झाली. वरवर पाहता हे भाषांतर वाटेल. पण भाषांतर करणारा शब्द बदलतो, आणि या लोकांनी कामच बदलले. लक्ष एकवटून उलटे जाता येते का, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. अक्षरांवरून उलटे जाता येत नसेल तर वारांवरून जाऊ द्या! मग जो अडखळेल तो मात्र खरोखर अडखळला असे समजा.

बाजाराकडे वळू. ब्राझील देशात रेसिफे नावाचे शहर आहे. तेथे नारळ-कलिंगडे विकणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांकडे संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले. एक नारळ ३५ क्रुझेरोंना, तर चार नारळांचे किती? मुलाने तीन नारळांचे १०५ धरले, त्यात ३० मिळवून १३५ केले, आणखी ५ मिळविले, आणि १४० सांगितले. पुढे काही दिवसांनी त्याच मुलापुढे कागद ठेवून पस्तीस गुणिले चार हेच उदाहरण घातले, तर त्याने हातचा दोन नको तेथे मिळवून २०० उत्तर काढले. बाजारात या मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली, कागदावर ३७ टक्के. हा निबंध १९८५चा. ज्याला आपण गणितात ढ म्हणतो तो मुलगा गणितात ढ नसून आपल्या कागदाशी अनोळखी असेल, ही शंका तेव्हापासून शास्त्रात रूढ झाली.

पण पाच मुले म्हणजे फार थोडी. म्हणून आपल्याच देशात याहून मोठा अभ्यास झाला, हे सांगावयास मला आनंद वाटतो. दिल्ली व कलकत्ता येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांचे सहकारी यांनी केली, आणि २०२५ साली ती प्रसिद्ध झाली. बाजारातली मुले अवघड व्यवहार चटकन सोडवीत. शाळेच्या रीतीने मांडलेल्या साध्या उदाहरणात अडकत. इथपर्यंत रेसिफेचीच गोष्ट झाली. पण याच अभ्यासात बाजारात काम न करणारी ४७१ शाळकरी मुलेही होती, आणि त्यांची गत नेमकी उलटी! कागदावर ती पुढे, बाजारातल्या हिशेबात मागे. मला यातला दुसरा भाग अधिक बोचतो. बाजारातल्या पोराला शाळा कच्ची वाटते ही तक्रार जुनी आहे. शाळेतल्या पोराला बाजार कच्चा ठेवतो, हे आपण कधी प्रगतिपुस्तकात लिहीत नाही.

मराठी मुलाची यात आणखी एक अडचण आहे. 'त्रेचाळीस' म्हणताना जीभ आधी तीन म्हणते आणि मग चाळीस; हात मात्र आधी चार लिहितो आणि मग तीन. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत जोडली, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आपणांस आठवत असेल. विनोद झाले, विधिमंडळात चर्चा झाली. त्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे मुलांच्या अडचणीपासून निघालेले होते. मला स्वतःला 'त्रेचाळीस' सोडवत नाही. उमरेडच्या रेशमी काठाच्या धोतरांची एके काळी ख्याती होती. मागावर बसलेल्या कोष्टी बांधवांनी काठाचे धागे याच आकड्यांत मोजले, आणि त्यांच्या काठाचा एक धागा चुकला नाही. तेव्हा जीभ आणि हात यांचे भांडण मिटविता येते, एवढे तरी सिद्धच आहे. ते किती मुलांच्या बाबतीत मिटत नाही, हे मात्र विनोद करणाऱ्या कोणी वर्गात जाऊन पाहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

जागा बदलली की मेंदूचे काम बदलते, हे झाले. काळ बदलला तरी बदलते काय? तमिळनाडूतील ५४ खेड्यांतल्या ४६४ ऊस-शेतकऱ्यांची २०१३ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. एकाच शेतकऱ्याला उसाचे पैसे येण्यापूर्वी आणि पैसे आल्यानंतर सारख्याच कसोट्या दिल्या. पैसे येण्यापूर्वी त्याचे काम मंद व चुकांचे, पैसे आल्यावर तोच माणूस अधिक तरतरीत. संशोधकांचे म्हणणे असे की, कर्जाची व खर्चाची काळजी डोक्यातली जागा अडवून बसते. कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या माझ्या विदर्भात हे ऐकून अनेक जण मान डोलावतील, मीही डोलाविली. परंतु २०१६ साली अमेरिकेत गरीब कुटुंबांची पगारापूर्वी व पगारानंतर अशीच परीक्षा घेतली तेव्हा हा फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. पगार ठरलेल्या दिवशी येतो आणि पीक येते की नाही हे आभाळावर ठरते, म्हणून दोन्ही खरे असू शकेल. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. आवडलेल्या निष्कर्षाचा पुरावा तपासावयास आपण आळस करतो, एवढ्यासाठी मी हे मुद्दाम सांगितले.

आता मी आपल्या अगदी जवळ येतो. आपल्या भागात धानाच्या बांधीत ओलीवर लाखोळी टाकतात. लाखोळीचा आणि पायांच्या एका दुखण्याचा संबंध कोणी लिहून ठेवला? कोणा प्रयोगशाळेने नव्हे. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन सागरकडच्या मुलखात फिरत असताना त्याला एका खेड्यात कमरेखाली लुळी पडलेली तरुण माणसे दिसली. त्याने चौकशी केली तेव्हा कळले की, १८२९ पासून लागोपाठ तीन वर्षे गारपीट, अवर्षण आणि तांबेरा यांनी पिके गेली, लाख तेवढी टिकली, लोक तिच्यावरच जगले, आणि १८३३च्या पावसाळ्यात पाय जाऊ लागले. पाय गेले म्हणजे वस्तुतः मेंदूकडून पायांना हुकूम नेणारे मज्जातंतू गेले. तिच्यातले विष कोणते, हे १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी वेगळे करून दाखविले. मधली सव्वाशे-दीडशे वर्षे गावाला रोग माहीत होता आणि प्रयोगशाळेला विष माहीत नव्हते. गाव आणि प्रयोगशाळा यांत वैर नाही. पण प्रश्न गावातून जावा लागतो, कारण प्रयोगशाळेला तो आपण होऊन सुचत नाही.

गडचिरोलीत हेच घडले. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेत डॉ. योगेश्वर कालकोंडे नावाचे मेंदूविकारतज्ज्ञ अमेरिकेतील शिक्षण संपवून येऊन राहिले. गडचिरोलीत मेंदूविकारतज्ज्ञाने काय करावे, असे पुष्कळांना वाटले असेल. लकवा हा शहरातल्या सुखवस्तू माणसाचा रोग, खेड्यात माणसे तापाने आणि जुलाबाने मरतात, असा आपला सर्वांचा समज होता. पण तो समज कशावरून झाला होता? रुग्णालयांच्या नोंदीवरून, आणि जो रुग्णालयात पोचलाच नाही त्याची नोंद रुग्णालय कोठून ठेवणार? संस्थेने ८६ गावे घेतली. वस्ती चौऱ्याण्णव हजारांवर. दोन वर्षांत त्या गावांत १,५९९ मृत्यू झाले. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरी शिकविलेला कार्यकर्ता जाई, ओटीवर बसे, आणि घरच्या माणसांना विचारी की, शेवटचे दिवस कसे गेले, तोंड वाकडे झाले होते काय, एक हात उचलत होता काय, बोलणे अडखळले काय, किती दिवसांपूर्वी. ती लिहून आणलेली हकीकत डॉक्टर वाचीत आणि मृत्यूचे कारण ठरवीत. यात कोठे यंत्र नाही. दुःखात असलेल्या घराशी कसे बोलावे याचे शिक्षण हेच त्यातले उपकरण.

उत्तर निघाले ते असे : त्या १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे शंभरातले चौदा, मेंदूच्या अर्धांगवायूने झाले होते. मृत्यूचे सर्वांत मोठे एकटे कारण तेच. आणि त्यांतली ८७ टक्के माणसे घरीच वारली होती. २०१५ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. मी तो वाचला तेव्हा मला माझ्या लहानपणी गावात 'वारे गेले' म्हणून पडवीत बाजेवर पडलेली म्हातारी माणसे आठवली. कोणी त्यांना मेंदूचा रोगी म्हटले नव्हते. अंगावरून वारे गेले, तेल लावा, एवढेच.

या पद्धतीची मर्यादा मात्र लपविता येत नाही. रक्ताची गुठळी अडकून लकवा झाला की रक्तवाहिनी फुटून झाला, हे ओटीवर बसून सांगता येत नाही. त्याला डोक्याचे चित्र काढणारे यंत्रच लागते. गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि फुटलेल्या रक्तवाहिनीत तेच औषध घातक. येथून नागपूर पन्नासएक किलोमीटर. ज्याचे तोंड वाकडे झाले, हात गळाला, जीभ जड झाली, त्याला आधी देवऋष्याकडे, मग तेलवाल्याकडे आणि मग नागपूरला नेले तर ते साडेचार तास कोठे गेले ते आपणच मोजा.

घरोघर जाण्याची ही रीत खेड्यापुरतीच आहे असेही नाही. मुंबईत १९८५ साली डॉ. भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींतून दारोदार पाहणी करून १४,०१० माणसांची मेंदूविकारांसाठी चौकशी केली. कंपवाताचे प्रमाण दर लाखामागे ३२८ निघाले. त्यातले काही जण असे होते की, हात कापतो तो वयाने, अशा समजुतीने ते कधी डॉक्टरकडे गेलेच नव्हते.

हल्ली यंत्रेही घराबाहेर पडली आहेत. बर्गरच्या काळी खोलीभर पसारा मांडून ज्या लहरी टिपाव्या लागत, त्या आता डोक्याला बांधावयाच्या पट्टीतून टिपता येतात. न्यूयॉर्कच्या एका शाळेत सुझान डिकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा मुलांच्या डोक्यांना अशी साधने बांधून, चालू वर्गात, अकरा तासांना त्यांच्या लहरी घेतल्या. धड्यात मन रमले की मुलांच्या लहरी परस्परांशी अधिक जुळतात, असे त्यांनी २०१७ साली लिहिले. तमिळनाडूत डॉ. तारा त्यागराजन यांच्या मंडळींनी वीज नसलेल्या पाड्यांपासून शहरांपर्यंत ४८ ठिकाणी चारशेंवर माणसांच्या लहरी घेतल्या, आणि काही लहरींचा जोर उत्पन्न, शिक्षण, प्रवास व टेलिफोन यांच्या मानाने फार बदलतो असे त्यांना आढळले. त्यावरून कोणाचा मेंदू चांगला हे ठरत नाही. सर्वसाधारण मेंदू म्हणून पुस्तकात जो छापतात तो कोणाचा, एवढा प्रश्न मात्र उभा राहतो.

पण पट्टी जितकी हलकी झाली तितकी ती कोणाच्याही हाती जाऊ लागली. २०१९ साली चीनमधील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळाला पट्ट्या बांधून कोणाचे लक्ष आहे आणि कोणाचे नाही हे शिक्षकाला कळविण्याची व्यवस्था केली होती. लोकांनी ओरड केल्यावर ती थांबली. खिडकीबाहेर पाहणारे मूल बिनलक्षाचे की विचारात पडलेले, हे त्या पट्टीला काय कळणार? आपण चीनला हसावे असेही नाही. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मेंदूतील लहरींवरून तिला त्या कृत्याची 'अनुभवजन्य आठवण' आहे असा अहवाल आला, आणि निकालपत्रात त्याचा आधार घेतला गेला. बंगळूरच्या मनोविकार संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच सुमारास या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही असे मत दिले होते. शेवटी ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, माणसाच्या संमतीवाचून अशी तपासणी करणे हे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यावयास लावणे होय. उद्या कोणी आपल्या शाळेत, कारखान्यात किंवा खाणीवर अशी पट्टी घेऊन आला, तर त्याला आपण तीन गोष्टी विचाराव्या : ही नोंद कोणाकडे राहील, ती मी मागितली तर मला मिळेल काय, आणि मी पट्टी बांधली नाही तर माझे काय होईल. तिसऱ्याचे उत्तर टाळणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे.

आईची गोष्ट राहिली. तो कागद खिशात घालून मी घरी आलो, तो एक प्रकारे विजयी मुद्रेनेच. माझ्या विषयातले मला सर्व ठाऊक होते. निरक्षर वृद्धेला शहरी कसोटी लावली की असेच होणार, असे मी पत्नीला व्याख्यान दिले. ती ऐकत होती. काही दिवसांनी ती म्हणाली की, आई भाजीत मीठ दोनदा घालतात. मी म्हटले, वयाने होते. मग ती म्हणाली की, यंदा कुरडयांचा गहू भिजत घालून आईंनी पाणी बदलले की नाही हे एका सकाळी चार वेळा विचारले. मी म्हटले, तू उगीच मनावर घेतेस. माझ्या पत्नीने माझ्याशी वाद घातला नाही. तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवण्यास सुरुवात केली : कोणत्या दिवशी काय केले, काय विसरले, कोणते काम अर्ध्यावर सोडून अंगणात जाऊन बसल्या. चार महिने ती लिहीत होती. त्या डॉक्टरने दिलेले एकोणीस गुण चुकीच्या कारणांसाठी दिलेले होते, पण दुखणे होते. ते स्वयंपाकघरात दिसत होते, आणि मी माझ्या पुस्तकांच्या खोलीत बसलो होतो.

पुढे आम्ही दुसऱ्या एका वयस्क डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दिनदर्शिकेची ती पाने दोनदा वाचली. आईला त्यांनी तारीख विचारली नाही, शंभरातून काही वजाही करावयास लावले नाही. खुर्ची थोडी पुढे ओढून ते म्हणाले, "आजी, कुरडयांचा गहू किती दिवस भिजवायचा?"

आई माझ्या पत्नीच्या तोंडाकडे पाहू लागली.